वाड्यातील दशावताराची खोली नव्याने रंगवून घ्यावी का?

आपण विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. वाईपासून काही मैलांवर, कृष्णाकाठच्या एका गावात आपला वडिलोपार्जित दोनचौकी वाडा आहे. पहिल्या चौकाच्या मागच्या सोप्याला लागून तळमजल्यावर एक खोली असून घरात ती पिढ्यान्‌पिढ्या ‘दशावताराची खोली’ म्हणूनच ओळखली जाते. तिच्या चार भिंतींवर महिरपींच्या चौकटींत दहा अवतार आणि दारावर गणपती रंगवलेला आहे. सहा चित्रे बऱ्यापैकी दिसतात, दोन चुन्याच्या थरांखाली गेली आहेत आणि पश्चिमेच्या भिंतीवरील दोन गिलाव्यासकट पडली आहेत. वाड्यात पाहुण्यांच्या राहण्याची सोय सुरू करण्याचा आपल्या कुटुंबाचा विचार आहे. एका चित्रकाराने दहाही चित्रे अॅक्रिलिक रंगांत ‘जशीच्या तशी’ करून देण्याची तयारी दाखवली आहे, गवंड्याने खालच्या तीन फुटांना सिमेंटचा गिलावा सुचवला आहे, आणि शेवटी सगळ्यावर व्हार्निशचा एक हात द्यावा असे दोघांचेही म्हणणे आहे. हे करावे का, असे आपण विचारता.

सातारा, सांगली आणि पुणे जिल्ह्यांतील वाड्यांत व देवळांत भित्तिचित्रांच्या जतनाचे काम मी सुमारे पंचवीस वर्षे करत आलो आहे. त्या अनुभवावरून माझे उत्तर असे, की या तिन्ही गोष्टी करू नयेत. परंतु तिन्ही न करण्याची कारणे वेगवेगळी आहेत आणि ती समजल्याशिवाय आपल्याला चित्रकारापुढे किंवा गवंड्यापुढे उभे राहून ‘नको’ म्हणता येणार नाही, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. मी भिंत हाताने तपासलेली नाही. आपण जोडलेली अकरा छायाचित्रे तेवढी पाहिली आहेत. त्यामुळे गिलावा आतून किती सुटला आहे, चुन्याच्या थरांखाली रंग शिल्लक आहे की नाही, आणि रंगांतील बंधद्रव्य (म्हणजे रंग धरून ठेवणारा चिकट पदार्थ) कोणते, या तीन गोष्टींवर पुढचे बरेच काही अवलंबून राहील.

आपला प्रश्न रंगांविषयी असला, तरी आपल्या खोलीचा आजार पाण्याचा आहे. सातव्या छायाचित्रात पश्चिमेच्या भिंतीवर जमिनीपासून साधारण अडीच-तीन फुटांवर कापसासारखी पांढरी भुकटी दिसते. तिलाच आपल्याकडे लोणा लागणे म्हणतात. नवव्या छायाचित्रात तीच भिंत बाहेरून दिसते, आणि तिथे दोन गोष्टी स्पष्ट आहेत. गल्लीचा काँक्रीटचा रस्ता वाड्याच्या जोत्याच्या वर आलेला आहे, आणि कौलांखालची पत्र्याची पन्हळ मधोमध तुटून तिचे पाणी नेमके पडलेल्या दोन चित्रांच्या पाठीमागे भिंतीवर ओघळते आहे. आपल्या भागात पाऊस पश्चिमेकडून झोडपतो, त्यामुळे त्या भिंतीला तसाही अधिक मार बसतो. वरून पन्हळीचे आणि खालून जमिनीचे, असे दुहेरी पाणी पिणाऱ्या भिंतीवर जगातील कोणताही रंग टिकणार नाही. मग तो अठराव्या शतकातील असो की मागच्या आठवड्यातील.

जुन्या वाड्याची भिंत पाणी अडवत नाही. ती पाणी घेते आणि उन्हाळ्यात सोडून देते. दगडी जोत्यावर विटांची किंवा पांढऱ्या मातीची भर, मध्ये लाकडी खांब-तुळयांचा सांगाडा आणि वरून चुन्याचा गिलावा, असा हा देह असतो, आणि चुन्याच्या गिलाव्याला सूक्ष्म छिद्रे असल्यामुळे भिंतीतील ओल त्यातून हवेत जाते. जाताना ती जमिनीतील आणि विटांमधील क्षार बरोबर आणते. पाणी उडून जाते आणि क्षार जिथे पाणी उडाले तिथेच स्फटिकरूपात मागे राहतात. हे स्फटिक गिलाव्याच्या छिद्रांत वाढतात तेव्हा पृष्ठभाग आतून ढकलला जातो आणि रंगासकट पापुद्रे सुटतात. खालच्या तीन फुटांना सिमेंट लावले, की ओलीची बाहेर पडण्याची वाट बंद होते. मग ती ओल नाहीशी होत नाही. सिमेंट जिथे संपते तिथपर्यंत वर चढते आणि तिथून बाहेर पडते. आपल्या खोलीत सिमेंट संपेल ती रेषा म्हणजे चित्रांची खालची किनार. शिवाय सिमेंट स्वतःचेही विद्राव्य क्षार भिंतीला देते. दोन-तीन पावसाळ्यांत खालचा भाग कोरडा ठणठणीत दिसेल, गवंडी आपल्या कामाचा दाखला देईल, आणि मत्स्य-कूर्म गुडघ्यांपासून गळू लागतील.

हे मी सांगलीत फार जवळून पाहिले आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेचा महापूर ओसरल्यावर तेथील एका जुन्या घरात मला बोलावले होते. देवघराच्या भिंतीवर वेलबुट्टी आणि काही प्रसंगचित्रे होती, पाणी चित्रांच्या खाली दोन हात येऊन थांबले होते, म्हणजे चित्रे भिजलीही नव्हती. परंतु घर लवकर वाळावे म्हणून घरच्यांनी दारे लावून आत रात्रंदिवस मोठे पंखे आणि हीटर चालवले, आणि खाली काही वर्षांपूर्वीचा सिमेंटचा गिलावा होताच. भिंत ज्या वेगाने ओल सोडू शकते त्यापेक्षा अधिक वेगाने ती सुकवली गेली आणि सगळा क्षार एकदम सिमेंटच्या वर, चित्रांच्या पट्ट्यात उमटला. पुराने न नेलेला रंग नंतरच्या तीन आठवड्यांत गेला. त्या कुटुंबाला दोष देण्यात अर्थ नाही. त्या दिवसांत माणसांना झोपायला कोरडी जागा हवी होती.

तेव्हा पहिले काम बाहेरचे आहे. पन्हळ आजच बदलून घ्यावी. त्यासाठी कोणाच्याही सल्ल्याची गरज नाही. सरकलेली आणि फुटलेली कौले पाहून घ्यावीत. रस्ता आपल्याला खोदता येणार नाही, पण भिंत आणि रस्ता यांच्यामध्ये हातभर रुंदीचा चर काढून, त्यात खडी भरून, त्याला बाहेरच्या बाजूला उतार देता येईल का, हे ग्रामपंचायतीशी बोलून पाहावे. जोत्याचा दगड मोकळा करून त्याला हवा लागू देणे, हेच त्या चरामागचे उद्दिष्ट आहे. आत, खालच्या तीन फुटांवर जर पूर्वीच कोणी सिमेंट मारलेले असेल तर ते हातोड्याचे घाव न घालता, बारीक छिन्नीने, चित्रांच्या किनारीपासून दूर सुरुवात करून काढावे लागेल. त्या जागी निव्वळ चुना आणि धुतलेल्या वाळूचा, मुद्दाम थोडा कमकुवत गिलावा करावा. चुना निदान काही आठवडे, शक्य तर काही महिने, पाण्याखाली विरवलेला असावा. पूर्वी गिलाव्यात ताग, गूळ, हिरड्याचे पाणी, उडदाचे पीठ असे बरेच काही जात असे आणि त्याविषयी आज पुष्कळ कौतुकाने बोलले जाते; पण दमट भिंतीवर, चित्रांच्या इतक्या जवळ, मी गूळ-उडीद वापरत नाही, कारण ती बुरशीची मेजवानी ठरते. ताग मात्र घालावा.

हा खालचा गिलावा क्षार स्वतःकडे ओढून घेऊन झिजण्यासाठीच असतो. पाच-सात वर्षांनी तो खरवडून पुन्हा करावा लागेल, आणि तसे झाले म्हणजे काम फसले असे समजू नये. मूळ कारागिरांनाही हे ठाऊक असावे, असे मला नेहमी वाटत आले आहे. आपल्या खोलीत काय, किंवा वाईजवळच्या मेणवलीला नाना फडणविसांच्या वाड्यात काय, चित्रे क्वचितच जमिनीपासून सुरू होतात. खाली गेरूची किंवा दुसऱ्या एखाद्या सपाट रंगाची तळपट्टी असते, त्यावर एखादी किनार आणि मग चित्र. माणसे टेकून बसतात, ओल चढते, केरसुणी लागते, आणि हे सगळे तळपट्टीने सोसायचे असते. ती पुन्हा पुन्हा सारवता-रंगवता येते.

लोणा दिसला की तो ओल्या फडक्याने पुसण्याचा मोह होतो. तसे केल्यास क्षार विरघळून पुन्हा आत जातो. रंग नसलेल्या भागावरचा लोणा मऊ, कोरड्या ब्रशने झाडून सुपलीत घ्यावा आणि घराबाहेर टाकावा. रंगीत भागावरच्या लोण्याला हात लावू नये. इतके झाल्यावर एक पूर्ण पावसाळा जाऊ द्यावा. मला कल्पना आहे की आपल्याला पुढच्या दिवाळीपूर्वी पाहुणे यायला हवे आहेत. ती खोली सोडून बाकीचा वाडा सुरू करण्यास काहीच हरकत नाही.

आता रंगांकडे येतो. आपण आपल्या चित्रांना ‘फ्रेस्को’ म्हटले आहे. ओल्या चुन्यावर रंग लावून तो चुन्याबरोबरच घट्ट होऊ देण्याची ती पद्धत राजस्थानात आढळते, पण आपल्याकडील मराठा काळातील वाड्यांत मी जे हाताळले आहे त्यातील बहुतेक काम वाळलेल्या, घोटून गुळगुळीत केलेल्या चुन्यावर डिंकात किंवा सरसात कालवलेल्या रंगांनी केलेले आहे. पाचव्या छायाचित्रात वराहाच्या अंगावरचा रंग नाण्याएवढ्या पापुद्र्यांत कपबशीसारखा वळलेला दिसतो. ते याच पद्धतीचे लक्षण आहे. हा फरक पुस्तकी नाही. डिंक पाण्यात विरघळतो. म्हणजे अशा चित्रावर ओला बोळा फिरवणे हे पाटीवरची अक्षरे पुसण्यासारखेच आहे. माझ्या सुरुवातीच्या वर्षांत, एका वाड्यात, कृष्णाच्या मुरलीजवळचा काजळीचा डाग काढण्यासाठी मी डिस्टिल्ड पाण्यात बुडवलेला कापूस फिरवला होता. आधी कोपऱ्यात चाचणी घेतली होती, तिथे रंग हलला नव्हता. पण कोपऱ्यातील रंग गेरू होता आणि मुरलीजवळचा काळा काजळीचा. दोन्ही रंगांत डिंकाचे प्रमाण सारखे नव्हते. डागाबरोबर दोन बोटांची रेषा कापसावर आली. त्यानंतर मी प्रत्येक रंगाची वेगळी चाचणी घेतल्याशिवाय काहीही ओले भिंतीजवळ नेत नाही.

रंगांचीही आपापली जात असते. गेरू, पिवडी, हिरवी माती हे मातीचे रंग शेकडो वर्षे हलत नाहीत. नीळ उजेडाने विटते. हरताळ हा पिवळा खनिज रंगही उजेडात फिका पडतो. शेंदूर, म्हणजे शिशाचा लाल रंग, ओल आणि उजेड मिळाला की तपकिरी-काळा पडत जातो. दारावरच्या गणपतीविषयी आपण लिहिले आहे की ‘आमच्याकडे पूर्वीपासून काळा गणपती आहे.’ छायाचित्र मोठे करून पाहिल्यावर सोंडेच्या वळणाखाली, जिथे महिरपीची सावली पडते तिथे, मला बोटभर नारिंगी-लाल रंग दिसला. तो गणपती बहुधा शेंदरी होता आणि काळाने काळा केला आहे. खात्री प्रयोगशाळेतच होईल, परंतु चित्रकार ‘जशीच्या तशी’ म्हणतो तेव्हा तो काय करणार, हे यावरून लक्षात यावे. तो काळा गणपती काळ्या अॅक्रिलिकने रंगवेल, आणि शेंदराचा तो बोटभर पुरावाही त्याखाली कायमचा जाईल.

नवव्या चौकटीबाबत मला याहून अधिक काळजी वाटते. चुन्याखाली गेलेल्या दोन चित्रांपैकी ही एक. चित्रकाराचे म्हणणे, की नववा अवतार बुद्ध, म्हणून तिथे ध्यानस्थ बुद्ध काढावा. आणि आपल्या काकूंचे म्हणणे, की लहानपणी तिथे ‘कोणीतरी उभे’ दिसत असे. काकूंचे ऐकावे. महाराष्ट्रात दशावतार दाखवताना नवव्या ठिकाणी विठ्ठल दाखवण्याची जुनी रीत आहे. देवळांतील शिल्पांत आणि जुन्या छापील पंचांगांतही तो तसा आढळतो. आपल्या दहाव्या छायाचित्रात चुन्याचा जो टवका उडाला आहे, त्यातून कोपरात वाकलेल्या हातासारखे काहीतरी डोकावते. तो कटेवर ठेवलेला हात असेल, तर आपली खोली केवळ पुराणातील यादी रंगवलेली खोली राहत नाही. ती कोणत्या मुलखात, कोणत्या भक्तीच्या माणसांनी रंगवून घेतली हे सांगणारी खोली ठरते. माझा अंदाज चुकूही शकतो. पण त्यावर पद्मासनातील बुद्ध रंगवला गेला, तर तो अंदाज बरोबर होता की चूक, हे पुढे कधीच कोणाला तपासता येणार नाही.

अॅक्रिलिकला माझा विरोध तो आधुनिक आहे म्हणून नाही. वाळल्यावर त्याचा प्लास्टिकसारखा पापुद्रा तयार होतो, तो ओलीला वाट देत नाही, आणि सुटतो तेव्हा खालच्या मूळ रंगाला चिकटून त्याला बरोबर घेऊन सुटतो. व्हार्निशचेही तेच. याचा सर्वांत मोठा धडा आपल्याच राज्यात आहे. १९२० ते १९२२ या काळात हैदराबादच्या निजाम सरकारने अजिंठ्याच्या चित्रांसाठी इटलीहून लोरेंझो चेक्कोनी आणि त्यांचे सहकारी ओर्सिनी या तज्ज्ञांना आणले. त्यांनी सुटलेला गिलावा जागेवर बसवला, त्यामुळे बरीच चित्रे वाचली, हे मान्यच करावे लागेल. परंतु रंग पक्का करण्यासाठी त्यांनी वापरलेली लाख पुढे पिवळी-तपकिरी पडली, तिच्यावर धूळ बसली, आणि ती काढण्याचे काम पुरातत्त्व खात्याच्या रसायनतज्ज्ञांना पुढे अनेक वर्षे पुरले. त्या काळातील उत्तम जाणकारांनी सद्हेतूने केलेले ते काम होते. हार्डवेअरच्या दुकानातल्या डब्याची गोष्ट तर दूरच राहिली.

मग सुटणारे पापुद्रे बसवायचे कसे? हे काम घरी करण्यासारखे नाही, तरी ते कसे होते हे माहीत असावे, म्हणजे कामाला येणाऱ्याला प्रश्न विचारता येतील. वळलेल्या पापुद्र्यावर पातळ जपानी कागद ठेवून, त्यातून अत्यंत विरळ चिकटद्रव्य ब्रशने सोडतात, रंग मऊ झाला की अलगद दाबून जागेवर बसवतात आणि कागद काढून घेतात. चिकटद्रव्य म्हणून पॅरालॉइड बी-७२ हे नाव आपल्याला ऐकायला मिळेल. ते चांगले आहे, नंतर विरघळवून काढता येते, म्हणून मी स्वतः वापरतो. पण दोन-तीन टक्क्यांच्या द्रावणात, फक्त पापुद्र्यापुरते, आणि भिंत कोरडी झाल्यावरच. तेच द्रावण सगळ्या भिंतीवर फवारणारे लोकही मी पाहिले आहेत. मागून पोकळ झालेला गिलावा, जो बोटाच्या पेराने हलके वाजवल्यास मडक्यासारखा बोलतो, त्यात सुईने चुन्याचे पातळ मिश्रण भरतात आणि ते घट्ट होईपर्यंत मऊ गादीचा टेकू देऊन ठेवतात. एका चौकटीला एक महिना लागला तर नवल नाही. ‘पंधरा दिवसांत खोली करून देतो’ म्हणणाऱ्याला चहा द्यावा आणि निरोप द्यावा.

चुन्याखालच्या दोन चित्रांसाठी लिंबू, चिंच किंवा व्हिनेगर वापरण्याचा सल्ला आपल्याला कोणी ना कोणी देईलच. आम्लाने वरचा चुना विरघळतो हे खरे. पण चित्राखालचा गिलावाही चुन्याचाच आहे आणि आम्लाला वरचा व खालचा चुना वेगळा ओळखता येत नाही. योग्य रीत म्हणजे आधी पाच-पाच सेंटिमीटरच्या तीन-चार खिडक्या उघडून पाहणे, आणि रंग पक्का असेल तर शस्त्रक्रियेच्या पातीने एकेक थर कोरडाच उचलणे. खाली रंग अगदी दुबळा निघाला, तर मी चुना तसाच राहू देण्याच्या मताचा आहे. झाकलेले चित्र निदान आहे तिथे आहे.

पडलेल्या दोन चौकटींचे काय करावे, हा आपल्या प्रश्नातला मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा भाग आहे. अशा विषयबद्ध खोलीचे सौंदर्य सुट्या चित्रांत कमी आणि त्यांना बांधणाऱ्या गोष्टींत अधिक असते, असे माझे निरीक्षण आहे. महिरपींची एकसारखी ओळ, त्यांच्या मधल्या सुरूच्या आकाराच्या उभ्या पट्ट्या, वरची फुलांची वेल, खालची किनार, तळपट्टीचा गेरू आणि वरच्या तख्तपोशीचा, म्हणजे लाकडी छताचा, चौकट-नक्षीचा ताल, या सगळ्यांमुळे माणूस खोलीत शिरताच दहांच्या मध्ये उभा राहतो. आपल्या खोलीत आज विस्कटला आहे तो हा ताल. आणि नेमक्या याच गोष्टी पुराव्यानिशी भरून काढता येतात, कारण वेल आणि महिरप यांची पुनरावृत्ती होते. पश्चिमेच्या भिंतीवर गेलेली महिरप पूर्वेच्या भिंतीवर शाबूत आहे, तिचा माग घेता येतो. अवताराच्या आकृतीची मात्र पुनरावृत्ती होत नाही. ती गेली की तिच्याविषयी आपण फक्त कल्पना करू शकतो.

म्हणून माझा सल्ला असा, की पडलेल्या चौकटींत चुन्याचा नवा गिलावा करून त्याला जुन्या पार्श्वभूमीशी जुळणारा, किंचित फिका, सपाट मातकट रंग द्यावा. महिरप, उभ्या पट्ट्या आणि वेल यांचे तुटलेले भाग पाण्याने पुसता येतील अशा जलरंगांत, बारीक उभ्या रेषांनी जोडावेत. दोन हातांवरून पाहता रेषा एकमेकींत मिसळून आकृती सलग दिसते, आणि जवळ गेले की जुने कोणते व नवे कोणते हे कळते. ही रीत रोममधील केंद्रीय जतनसंस्थेत १९४० च्या दशकात चेझारे ब्रांदी यांच्या विचारातून आली आणि आजही जगभर वापरात आहे. मी ती आपल्या वाड्यांत वापरून पाहिली आहे. वेलबुट्टीला ती चांगली मानवते, मोठ्या सपाट रंगाला तितकी नाही. दोन रिकाम्या चौकटी पाहून पाहुणे विचारतील, ‘इथे कोण होते?’ आणि घरातील कोणीतरी सांगेल. मला त्यात उणे काही वाटत नाही, पण हे मत आहे. मालक म्हणून आपले वेगळे असू शकते.

आपल्या चित्रकारालाही नाउमेद करू नये. त्याने पाठवलेली कच्ची रेखाटने मी पाहिली, हात चांगला आहे. त्याला भोजनगृहाच्या नव्या भिंतीवर किंवा लाकडी फळ्यांवर पूर्ण दशावतार काढू द्यावा, आणि त्याआधी मेणवलीचा वाडा व वाईजवळच्या मोतीबागेतील रास्त्यांच्या वाड्याची चित्रे शांतपणे पाहून येण्यास सांगावे. सातारा जिल्ह्यातील औंधला श्री भवानी संग्रहालयही आहे. तिथे संस्थानिक बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांचा, जे स्वतः चित्रकार होते, संग्रह पाहता येतो. पगड्या कशा बांधल्या आहेत, नऊवारीचा काष्टा कसा दाखवला आहे, डोळा किती लांब आहे, हे पाहिल्यावर त्याच्या लक्षात येईल की ‘जशीच्या तशी’ हे किती अवघड आश्वासन आहे.

आपली चित्रे ‘पेशवाईतील’ असल्याचे घरात सांगतात, असे आपण लिहिले आहे. तसे असू शकेल. काल ठरवण्यासाठी पगड्या, अंगरखे, चित्रात कुठे काचेची हंडी किंवा खुर्ची दिसते का, याचा उपयोग होतो, आणि रंगाचाही. कृत्रिम अल्ट्रामरीन निळा १८२८ च्या सुमारास युरोपात तयार होऊ लागला. तो आपल्या मत्स्याच्या पाण्यात सापडला, तर निदान तो थर पेशवाई संपल्यानंतरचा, म्हणजे साताऱ्यात छत्रपती प्रतापसिंह महाराज गादीवर असतानाचा किंवा त्यानंतरचा ठरेल. एखादा थर नंतरचा निघाला तरी वाईट वाटून घेऊ नये. एका पिढीने केलेल्या कामावर पुढच्या पिढीने हात फिरवणे ही आपल्या वाड्यांची रीतच होती.

खोलीच्या वापराबाबत थोडेच लिहितो. ती झोपण्याची खोली करू नये. रात्रभर दोन-तीन माणसांचा श्वास, ओले टॉवेल आणि वातानुकूलन यंत्राने होणारे आर्द्रतेचे चढउतार, हे डिंकाच्या रंगाला सोसत नाही. आपल्या आराखड्यात उत्तरेच्या भिंतीला पाठ लावून नवे स्नानगृह दाखवले आहे. ते तिथून हलवावेच. या खोलीत उदबत्ती, निरांजन, धूप नको. गणपतीची पूजा बाहेर ओसरीवर करावी. दिवाबत्ती अतिनील किरण नसलेल्या एलईडीची, मंद, साधारण ५० लक्सच्या (लक्स हे उजेडाचे माप) आसपास असावी आणि तिच्या वायरी भिंतीत खाच पाडून नेऊ नयेत. बैठक घालायची असल्यास भिंतीपासून दोन फूट सोडून घालावी. सकाळ-संध्याकाळ पाहुण्यांना तिथे घेऊन जाऊन अर्धा तास बसवले, तर तेवढा वापर त्या खोलीला पुष्कळ आहे.

आणखी एक गोष्ट, जी आपण ओझरती लिहिली आहे पण मला गंभीर वाटते. पुण्याहून आलेल्या एका व्यापाऱ्याने नरसिंहाची चौकट ‘भिंतीवरून काढून’ विकत घेण्याची तयारी दाखवली. १९७२ च्या पुरावस्तू व कलानिधी कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुन्या इमारतीतून सुटा केलेला असा भागही पुरावस्तू ठरतो. तिचा व्यापार परवान्याशिवाय करता येत नाही आणि खासगी व्यक्तीला ती देशाबाहेर पाठवता येत नाही. कायदा बाजूला ठेवला, तरी डिंकाच्या रंगाचे चित्र भिंतीवरून काढताना निम्मे तरी हातात चुरा होऊन येते. त्याचबरोबर आपला वाडा केंद्राच्या किंवा राज्याच्या संरक्षित यादीत आहे का, हे पुण्यातील पुरातत्त्व कार्यालयांत विचारून घ्यावे. असल्यास कोणतेही काम परवानगीशिवाय सुरू करता येणार नाही. नसल्यास निर्णय आपला आहे.

खर्चाचा आकडा आपण विचारला आहे. छायाचित्रांवरून तो सांगणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. पन्हळ, चर आणि खालचा गिलावा ही कामे स्थानिक माणसांकडून होतील आणि ती पेलवणारी आहेत. चित्रांचे काम महाग पडेल, म्हणून ते एकदम न करता वर्षाला दोन चौकटी असे करावे. कोणाला बोलवावे, यासाठी मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाच्या कलाजतन केंद्राकडे किंवा वारसा जतनाचे काम करणाऱ्या इंटॅक या संस्थेकडे चौकशी करावी. जो कोणी येईल त्याला पहिला प्रश्न ‘किती दिवस?’ हा न विचारता ‘तुम्ही जे लावणार ते पुढे काढता येईल का?’ हा विचारावा.

तोपर्यंत आपण घरच्या घरी एक काम करू शकता, आणि ते पावसाळ्यापूर्वी व्हावे. प्रत्येक चौकटीचे समोरून, दिवसाच्या उजेडात, बाजूला मोजपट्टी धरून छायाचित्र घ्यावे. मग खोली अंधारी करून विजेरीचा झोत भिंतीला जवळजवळ चिकटून बाजूने टाकावा आणि त्या तिरप्या उजेडात पुन्हा छायाचित्र घ्यावे. सुटलेला प्रत्येक पापुद्रा आणि फुगलेला गिलावा त्यात सावलीसह दिसेल. हीच छायाचित्रे गणपतीत आणि पुन्हा संक्रांतीला घ्यावीत, म्हणजे भिंत कुठे हलते आहे आणि कुठे स्थिर आहे हे कळेल. खाली पडलेले रंगीत तुकडे केरात जाऊ देऊ नयेत. चौकटीचा क्रमांक आणि तारीख लिहून कागदाच्या पाकिटांत ठेवावेत, प्लास्टिकच्या पिशव्यांत नाही. काकू अजून आठवणी सांगू शकतात तोवर त्यांना खोलीत बसवून प्रत्येक चौकटीत काय होते ते ध्वनिमुद्रित करून घ्यावे. आणि नवव्या चौकटीसमोर एखादी दोरी बांधून ठेवावी, कारण तो टवका एकदा दिसला की येणारा-जाणारा प्रत्येक जण नखाने तो थोडा आणखी उघडून पाहतो.